व्यंकट तात्यांचं पान हलकं करताना

उदगीरला, बियाणांच्या दुकानाच्या माडीवर माझं ऑफिस:
एक टेबल, एक पंखा, आणि खिडकीत ठेवलेला
काच तडकलेला सहा वर्षांपूर्वीचा फोन.
तो विकायचा नाही. त्याच्यावर जे उघडलं
ते नळगीरच्या माळावरही उघडेल.

व्यंकट तात्या पाणी बघतात.
तळहातावर नारळ आडवा, पायात काही नाही,
वावरात जिथं नारळ उभा राहील तिथं खुणेचा दगड.
पुतण्यानं हौसेनं वेबसाइट करून दिलेली:
उघडताना सनई, मग सरकते बारा फोटो,
प्रत्येकात तेच तात्या, तीच उसळती धार.
जुन्या फोनवर मोजलं. अकरा सेकंद.
माणूस तीन सेकंद थांबतो,
उन्हात उभा असेल तर दोन.
गूगलवर तात्या तिसऱ्या पानावर,
आणि तिसऱ्या पानापर्यंत कोण जातंय.

"पान जड आहे तात्या."
"जड कसं? मी तर त्यात काहीच ठिवलो नाही."

सनई काढली.
फोटो एकच ठेवला,
चार एमबीचा दाबून साठ केबीत बसवला;
धार जराशी फिकट झाली, तात्या तसेच.
फोन लावायचं बटण मोठं केलं,
कुदळीला सरावलेल्या अंगठ्याला पुरेल एवढं.
मग लोक काय लिहून शोधतात ते उपसत बसले.
'पाणाड्या' कुणीच लिहीत नाही.
लिहितात: पानी बगनारा. नारळवाले बाबा.
बोर कुटं मारावं.
आणि एक नुसतंच: पाणी लागल का
महिन्याला एकशे चाळीस वेळा,
प्रश्नचिन्ह एकदाही नाही.

शुद्ध करावंसं वाटलं, मास्तरणीची लेक ना मी.
नाही केलं.
तशीच घेतली, त्यांच्या ऱ्हस्वदीर्घासकट.

दीड महिन्यात तात्या चौथ्या नंबरला.
वर हैदराबादच्या दोन मशीनवाल्या कंपन्या,
आणि एक टाक्या विकणारा, तो तिथं का, देव जाणे.
"वर कशानं आलं गं पोरी?"
मी फोटो म्हणाले, बटण म्हणाले, वेग म्हणाले.
"यातलं नेमकं कशानं?"
पंखा फिरत होता.
"सांगता येत नाही तात्या.
हात धरून चालत राहायचं, कुठंतरी उभं राहतं."
ते इतके हसले की खालचा दुकानदार वर बघायला आला.
"मंग तू बी आमच्यातलीच की!"

जाताना दारात थांबले.
"ते वर लिवलंय की, शंभर टक्के पाणी. ते काढ."
त्या शब्दांवर लोक येतात, म्हणाले मी. खाली जाल.
"जाऊ दे. देवर्जनला साडेपाचशे फूट गेलो, नुसती धूळ.
वाढवण्याला दोन.
हेरला तर साडूच्याच वावरात, अजून बोलत नाही तो.
ते बी लिव."

लिहिलं. गाव, फूट, साल.
नंबर सातवर गेला.
परवा पुन्हा पाच. कशानं, विचारू नका.

कोरड्या बोअरची यादी टाकल्यावर
सवयीनं वजन बघितलं होतं:
एक केबीसुद्धा नाही.
अक्षरंच ती, एका काडीच्या नेटवर्कवरही
फोटोच्या आधी पोचतात.

आता तडकल्या काचेवर पान उघडलं की
आधी पांढरं,
मग देवर्जन, वाढवणा, हेर,
आणि मग सावकाश, वरून खाली,
ती एक धार.