शेवटच्या डब्यातला माणूस

लघवीला जाऊन आले की बाबा हात धुवायचे
आणि दाराबाहेर, पायपुसण्यावर उभे राहून
हिब्रूत काहीतरी पुटपुटायचे.
मैत्रिणी घरी असल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.
शरीरातल्या नळ्यांबद्दल, छिद्रांबद्दल आभार होते ते:
उघडायची उघडली, मिटायची मिटली,
म्हणून तुझ्यापुढे उभा आहे.
अर्थ कळला तेव्हा मी सातवीत होते.
ठरवलं, असलं काही आपण कधीच म्हणायचं नाही.

अजनीच्या रेल्वे क्वार्टरात आमचं एकच घर तसं.
शुक्रवारी काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यावर तेल, तेलावर वात,
आणि काळ्या मनुकांचं शरबत.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
आमचे अख्ख्या नागपुरात कधी चार, कधी तीन.
बाबा मोजायचे नाहीत.
माणसं मोजू नयेत म्हणायचे, डबे मोजावेत.
रूबेन शिमोन वाकरूळकर, मालगाडीचे गार्ड.

"ड्रायव्हरला पुढचं दिसतं," ते सांगायचे,
"गार्डाला फक्त गेलेलं.
खापरी गेलं, गुमगाव गेलं, बुटीबोरी गेली.
पुढे सिग्नल लाल की हिरवा, मला काय माहीत?
पाऊण किलोमीटरवरच्या न दिसणाऱ्या माणसाला
मी हिरवा कंदील दाखवतो,
आणि गाडी हलते.
याहून वेगळी श्रद्धा मला शिकवता येत नाही, अबी."

मग किडन्या बसल्या.
धंतोलीत, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास.
बाहेर मे महिन्याचं सेहेचाळीस, आत ते चादरीखाली कुडकुडत.
लघवी जवळजवळ बंद.
पायपुसण्यावर कुणी उभं राहीना.
मला वाटलं, चला, ती प्रार्थना तरी सुटली,
आणि वाटलं तसं तोंड कडू झालं.

एका दुपारी यंत्र वाजलं,
प्रज्वल मेश्रामने सुया काढल्या, कापूस दाबून धरला,
आणि बाबा उशीवरून मान उचलून
तीच म्हणाले. शब्दन् शब्द तीच.
"काका, काय बोलून राहिले? दुखलं का?"
"नाही रे. पाण्याला वाट मिळाली. तू आमेन म्हण."
"आमेन," पोरगा म्हणाला, आणि चिकटपट्टी लावली.

मी रिक्षात भांडले.
एवढी अंगाची चाळणी, आणि आनंद कसला?
"आनंद येतो असं तुला कुणी सांगितलं?
ती ड्यूटी आहे. तिला मूड लागत नाही,
युनिफॉर्म लागतो."

शंभराव्या डायलिसिसला त्यांनी मलिदा करायला लावला.
भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची,
पाच फळं, एलियाहू नबीचं नाव.
डिसेंबर होता. कळमन्याहून संत्री आणली होती.
प्रज्वल आला, रिक्षावाले शकूरभाई आले,
जरीपटक्याचे बच्चानी, पलीकडच्या बेडवरचे, काठी टेकत आले.
"आपण नऊ झालो," प्रज्वल म्हणाला.
"मोजू नको," बाबा म्हणाले.

संत्रं त्यांना बंद. खोबरंही.
मी ताट त्यांच्यापुढून सरकवणार,
तर त्यांनी एक संत्रं उचललं, सालीला नख लावलं,
डोळे मिटून वास घेतला.
फळाच्या वासासाठी वेगळे आभार असतात आमच्यात.
मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं त्यांची मुलगी आहे मी.
ते वासाचे आभार मानून
बाबांनी संत्रं शकूरभाईंच्या हातात दिलं,
आणि खाणाऱ्याकडे असे बघत बसले
जशी एखादी गाडी वेळेवर सुटली.

आज पहाटे मी अर्धवट झोपेत बाथरूममधून आले.
हात धुतले. पायपुसण्यावर थांबले.
का थांबले ते सांगता येणार नाही.
ओठांवर काही शब्द आले, अर्ध्यावर अडकले,
पुढचं कधी ऐकूनच घेतलं नव्हतं ना.

आतल्या खोलीतून, अंधारातून
पुढचा शब्द आला.
बाबा जागे होते की झोपेत, कळलं नाही.
मी तो उचलला.
हात पुसायचे राहून गेले.