प्रकरण एकोणिसावे

तिचं नाव सांगणार नाही.
कादंबरी जुनी, तीन भागांतली, मधला भाग गहाळ,
मुखपृष्ठाच्या जागी कॅलेंडरचा जाड कागद,
त्यावर उलटा छापलेला कुठलातरी फेब्रुवारी.

मी तेव्हा वेंगुर्ल्यात, बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला.
ट्रॉलरवाले पहाटे चारला बर्फ मागायचे.
तोवर कॉम्प्रेसरच्या घरघरीत, साठच्या बल्बखाली
ती जिना उतरायची,
एका हातात कंदील, दुसऱ्यानं ओचा सावरत,
आणि वडिलांना सांगायची, हे लग्न मला नको.
एवढं एकच वाक्य.
पुढचं अर्धं पान लेखकच घाबरलेला.
ती नाही.

बोटं गारठलेली. पान उलटायला
आधी फुंकर घालावी लागे.
तेवढी ऊब तिलाही पोचत असेल, असं वाटायचं.
एकविसाव्या वर्षी वाटतंच.

एकोणिसाव्या प्रकरणात ती मैत्रिणीला लिहिते:
घाटावरची सगळी देवळं झाली,
समुद्र तेवढा राहिला बघायचा.
तो म्हणे रात्रीसुद्धा झोपत नाही.
खरं का गं?

पाळी सुटल्यावर तसाच बंदरावर गेलो,
म्हटलं, तिच्या डोळ्यांनी बघून येऊ.
तर पेडव्यांची खवलं, डिझेलचा तवंग,
दोरखंडावर झोपलेलं एक कुत्रं.
इथून नको.
तिला सागरेश्वराकडून आणावी, सुरूच्या बनातून,
म्हणजे आधी ऐकू येईल
आणि बऱ्याच वेळानं दिसेल.

दुसऱ्या वाचनात सापडलं.
समासात, पेन्सिलीनं, बारीक तिरकं अक्षर:
*खरं आहे. इकडे ये. दाखवतो.*
अमोनियाची नळी फुटली की डोळ्यांचं होतं
तसं झालं.
खोडरबर आणला.
चालवायला धजलो नाही.
पानांच्या बेचक्यात तपकिरीचे कण होते.

ग्रंथालयातल्या मठकरबाईंनी पुस्तक नाकाशी नेलं.
'हा कारखान्याचा वास तुझा.
आणि ही तपकीर दाजी आरोलकरांची, कस्टममधले,
सभासद सत्तेचाळीस. बारा वेळा नेलंय त्यांनी.'
मी सात वेळा.

पाच वर्षं त्या माणसाच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.
माझं लग्न ठरलं तेव्हा गेलो,
पुस्तक सायकलच्या कॅरियरला बांधून.
ओट्यावर एक म्हातारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
सदऱ्यावर तपकिरीचे डाग.
हातात दिलं तर उघडलं नाही,
नुसत्या वजनावरून ओळखलं.
'एकोणिसावं वाच.'

वाचलं. समास सोडून.
'पुढचं?'
थोडा थांबलो. मग तेही वाचलं:
खरं आहे. इकडे ये. दाखवतो.
आवाज माझा होता, म्हणून असेल,
मलाच काही विचारल्यासारखं झालं.

आतून हाक: 'कोणाचा बोलतास ओ?'
'वाऱ्याचा,' दाजी म्हणाले. 'मतलई सुटली हा.'

मग माझ्याकडे वाकून, अगदी हळू:
'तुझ्याकडे आली होती कधी?'
मला सुरूंची पाऊलवाट आठवली,
सुयांवर वाजलेली पावलं,
ओल्या वाळूशी थबकलेला ओचा.
'नाही,' म्हटलं.
'माझ्याकडेही नाही,' ते म्हणाले
आणि तपकिरीची चिमूट नाकाशी नेऊन
ओढायची विसरून बसले.
इतका सुखी चेहरा
खरं बोलणाऱ्याचा नसतो.

लग्नाच्या गडबडीत पुस्तक परत करायचं राहिलं.
दंड तीन रुपये.
बाईंनी पावतीवर माझं नाव घातलं
आणि सभासद क्रमांक चुकून सत्तेचाळीस.
मी घडी घालून खिशात ठेवली,
दुरुस्त करून मागितली नाही.