डावा गुडघा, क्रमांक ३१

तैमी करप्पिनेन हाइलुओतो बेटावरून आली,
सकाळच्या फेरीबोटीने. समुद्र अजून गोठला नव्हता.
दुपारी तीनला ओउलूत अंधार पडला तेव्हा
मी तिच्या पायांवर चमकत्या गोळ्या चिकटवत होते:
खुब्यावर, वाटीच्या दोन्ही अंगांना,
नडगीवर, घोट्यावर, टाचेवर.
"नाताळचं झाड केलंस माझं," ती म्हणाली.

चाला, म्हटलं. नेहमीसारखं.
नेहमीसारखं म्हटलं की
कुणीच नेहमीसारखं चालत नाही.
पहिल्या सहा फेऱ्या आम्ही टाकूनच देतो,
त्यांत माणूस शहाण्यासारखा वागत असतो.
सातव्या फेरीला ती कंटाळली
आणि खरा पाय पडला.

दहा कॅमेऱ्यांनी तो पाहिला,
जमिनीत बसवलेल्या पाट्याने तोलला.
डाव्यावर भार येतो न येतो
तोच ती तो उजव्याकडे सरकवत होती,
इतक्या सफाईने
की तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.
शोधनिबंधात याला आम्ही लांबलचक नाव देतो.
साध्या भाषेत, पाय अंग चोरतो.

काम काय करायचात?
"टपाल. अडतीस हिवाळे. ढकलगाडीवरून.
एक पाय मागच्या पट्टीवर रोवायचा,
दुसऱ्याने बर्फ मागे लोटायचा.
डावा मालक, उजवा गडी."
मग जरा थांबून,
"दुखायला हवा गडी. दुखतो मालक.
नुसतं उभं राहणंच जड जात असावं."

त्यानंतर चुंबकाचा बोगदा.
पंचवीस मिनिटं लोहाराच्या दुकानात
हलायचं नाही अशा अटीवर झोपणं.
बाहेर आली तेव्हा म्हणाली,
आत कुणीतरी माझं नाव सोडून सगळं हाका मारत होतं.

रात्री मी पडद्यासमोर.
गुडघ्याचे एकशेसाठ काप, राखाडी,
आणि हाडावर कूर्चेचा पापुद्रा,
त्याच्या कडेकडेने माउसने रेघ ओढत जायचं.
अठ्ठ्याऐंशीव्या कापात पापुद्रा संपला.
बोटाच्या पेराएवढं हाड उघडं,
भोवती सुजेचा पांढुरका ढग.
सापडलं, म्हटलं.
हे तैमीचं दुखणं. बघ, इथे राहतं.
मला आनंद झाला, हे लपवत नाही.

ओइवा मागून वाकला. चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवला.
"आकडा वाच," म्हणाला.
१३. मी ३१ समजले होते.

दर सोमवारी आमच्यापैकी कुणीतरी आत झोपतं,
यंत्र ताळ्यावर आहे ना ते पाहायला.
निरोगी नमुना म्हणून.
गेल्या सोमवारी मी होते.

मग एकतीस उघडलं.
अडतीस हिवाळ्यांचा मालक:
पापुद्रा वयाला शोभेल इतकाच झिजलेला,
कडा नीट, हाड शांत.
वेदनेच्या रकान्यात तिच्या अक्षरात आठ.
माझ्या रकान्यात शून्य.
मी खुर्चीवरून उठले, गुडघा वाकवला, सरळ केला.
काही नाही.
पुन्हा वाकवला.
कसली वाट पाहत होते कोण जाणे.

तिला फोन मीच केला.
चित्र चांगलं आहे, म्हटलं. खरंच चांगलं आहे.
पलीकडे बराच वेळ भांडी विसळल्याचा आवाज.
मग ती म्हणाली,
"चित्राला सांग, ये आणि माझा जिना चढून दाखव."

जानेवारीत समुद्र गोठला, बर्फावरून रस्ता सुरू झाला.
ती दुसऱ्या मोजणीसाठी आली.
खिडकीतून मला दिसली बसथांब्यापाशी,
खिळ्यांचे बूट, पाठीला पिशवी,
अंगावर एकही गोळी नाही.
चार पावलं, थांबा.
हातमोजा काढून गुडघ्यावर तळवा ठेवला तिने,
लहान मुलाचा ताप पाहतात तसा.
मग पुढची चार.
हे मोजायला आमच्याकडे पाटा नाही.

तिला आत घ्यायला मी खाली निघाले,
आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर
माझ्या डाव्या पायाने,
काही दुखत नसताना,
अंग चोरलं.