जवसाची चिंधी

आमच्या टेबलाला दोन रंग आहेत.
खिडकीकडची बाजू माझी, फिकी, साबणाची.
भिंतीकडची व्हेर्नरची, मधासारखी, जवसाच्या तेलाची.
मधोमध सरळ रेघ.
बेचाळीस वर्षांत ती ना त्याने ओलांडली, ना मी.

पहिल्याच हिवाळ्यात भांडलो होतो.
तो म्हणाला, ओकला तेलच लागतं.
मी म्हणाले, माझ्या आईने उभा जन्म साबण लावला,
कोमट पाण्यात चुरा मुरवून, स्पंज पिळून,
आणि वाळेपर्यंत कुणाची बशी टेकू दिली नाही.
तो म्हणाला, तुझ्या आईचं टेबल पाइनचं होतं.
सिसेल तेव्हा पोटात होती, मला उभं राहवत नव्हतं.
त्याने पट्टी आणली आणि पेन्सिलने वाटणी केली.

स्कागेनमध्ये वाळू विचारून येत नाही.
उंबऱ्यातून येते, मोज्यांतून, कधी पावातूनही.
आधी झटकायचं, मग पुसायचं,
नाहीतर फडकंच ओरखडे काढतं,
एवढ्या एका गोष्टीवर आमचं एकमत.

ऑक्टोबरात शेडमधून वास आला,
चुलीवर विसरलेल्या रिकाम्या तव्यासारखा.
तेलाची चिंधी चेंडू करून
त्याने भुशाच्या डब्यात टाकली होती.
जवसाची चिंधी चुरगळून ठेवली
की आतल्या आत तापत जाते,
काडी न लावता पेटते.
हे मला त्यानेच शिकवलेलं.
प्रत्येक चिंधी तो दोरीवर पसरून घालायचा, दोन चिमटे लावून,
आणि शेजारचा प्रेबेन, ज्याच्या दोरीवर चपटे मासे सुकत असत,
दर वेळी विचारायचा, हा कुठला मासा, व्हेर्नर?

मी डब्यावर बादली ओतली.
तो दारात येऊन उभा राहिला. कुणी टाकली ही?
वाऱ्याने, मी म्हणाले.

तेव्हापासून त्याची बाजूही मीच करते.
तो खुर्चीत बसतो, गुडघ्यांवर हात ठेवून.
जावयाचं नाव आठवत नाही, वार आठवत नाही,
पण मी बाटली उचलली की म्हणतो,
थेंबभरच. रेघांबरोबर, टोव्हे, रेघांबरोबर.
आणि वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घे,
नाहीतर उन्हाळाभर बाही चिकटेल.
मी घड्याळ न बघता पुसते. तो घड्याळ बघतो.

सिसेल फोनवर म्हणते, आई, सगळं तासून घे,
लॅकर मारून टाक, दहा वर्षं बघायला नको.
बघू, म्हणते मी.

परवा पहाटे स्वयंपाकघरात दिवा दिसला.
पायजम्यात उभा, माझा स्पंज, माझा वाडगा,
बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या.
तुझी बाजू करून टाकली, म्हणाला,
तुझा खांदा दुखतो ना.
बाजू त्याचीच होती.
तेलावर साबण बसला होता पांढऱ्या ढगाळ डागांनी,
जसं दूध नासतं तसा.
मी वाकून पाहिलं.
स्पंज रेघांबरोबरच फिरला होता, एकही आडवा फराटा नव्हता.
छान केलंस, मी म्हणाले, आणि कॉफी टाकली.

तो दुपारी झोपला तेव्हा
बारीक घासणीने डाग काढले,
थेंबभर तेल, वीस मिनिटं,
या वेळी घड्याळ बघून.
चिंधी बाहेर नेली. चिमटा एकच सापडला.
प्रेबेन पलीकडून बघत होता, काही विचारलं नाही,
त्याच्या दोरीवरचा एक काढून दिला.

रात्री वारा पडला होता.
झोप येईना म्हणून अनवाणीच बाहेर गेले
आणि चिंधीला हात लावला.
गार होती, कडक होत चाललेली.
आत आले ते पायांना वाळू घेऊन.