वयोगट : साठ ते चौसष्ट

दोन हजार नऊ साली मी पहिली आले होते.
गोराईच्या वाळूवर, पंचेचाळीस ते एकोणपन्नासच्या गटात.
तीन तास सहा मिनिटं.
चौघीच होतो आम्ही.
एकीची साखळी तुटली, एकीला जेलीफिश डसली,
तिसरी वाटेत थांबून सरबत प्याली.
तरी पहिली म्हणजे पहिली.

सायकल भावाची, दांडा आडवा.
पोहायच्या कपड्यांवर मुलाची हाफ पँट,
तिच्या खिशात चिक्की, खारट झालेली.

वेळ मी वहीत लिहिली. जमाखर्चाची लांब वही,
जी उत्तर वॉर्डातून माझ्याआधी निवृत्त झालेली.
मग दरवर्षी लिहीत गेले, आमच्या गटातली पहिलीची वेळ,
ती कुणाचीही असो.
दोन बावन्न.
दोन अडतीस.
एक वर्ष पाऊस लांबला, समुद्र खवळला, तरी दोन तेहतीस.

बत्तीस वर्षं मी वाढणारे आकडे लिहिले,
घरपट्टी, दंड, दंडावरचं व्याज.
घटत्या आकड्यानं पोटात गोळा यावा
असं पहिल्यांदाच होत होतं.

आता त्या गटात शर्मिष्ठा नाचणे आहे.
मुलुंडला दातांचा दवाखाना, घरी जुळी, सासूचे गुडघे.
साडेतीनला उठून बाल्कनीत सायकल मारते, जागच्या जागी,
खालच्या मजल्यावरून तक्रार आली :
रात्री दळण दळता का?
कानाच्या पाळीला टोचून रक्ताचा थेंब बघते,
भूक लागायच्या आधी खाते, घड्याळ लावून,
आणि बूट सायकललाच अडकवून ठेवते,
अनवाणी धावत येते, त्यात उतरते
मांजर टोपलीत उतरावी तशी.
दोन तास एकोणीस.

सत्तेचाळीस मिनिटं!
एवढ्यात माझा कुकर होतो, वर भांडीही घासून होतात.

बुटांमुळे, म्हणाले मी सगळ्यांना.
त्या सायकलच्या किमतीत
नालासोपाऱ्याला खोलीचं डिपॉझिट भरता येईल, तेही म्हणाले.
मग एकदा शिवाजी पार्कच्या तलावात
ती शेजारच्याच पट्ट्यात निघाली.
तिथे ना बूट, ना सायकल.
मी डोकं पाण्याखाली घालून बघितलं :
कोपर वर, पंजा खाली,
पाण्याला पत्ता लागू न देता हात मागे जात होता.
एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत ही बाई
नाक धरून बुडी मारायची म्हणे.

काठावर बसून तिनंच विषय काढला.
"तीन सहा तुमची ना?
फ्रीजवर लावली होती मी. पाच वर्षं.
मोडली, मग काढून टाकली."
वाईट वाटलं? थोडंसं.
चुंबक कुठला होता, तेवढं विचारायचं राहिलं.

यंदा मला साठ लागलं.
घरच्यांनी साठीशांत केली, ओवाळलं,
आता जरा बस म्हणाले.
मी मनातून खूश, वेगळ्याच कारणानं :
नवा गट, आणि त्यात मी सगळ्यांत लहान.

वाळूवर गेले, तर लॉर्ना कोलासो.
त्रेसष्ट वर्षं, छातीला पट्टा, दंडावर नंबर,
ओठ हलवत श्वास मोजत उभी.
तिच्यापलीकडे आणखी सात.
वेगवान बायकाही म्हाताऱ्या होतात की,
आणि येताना वेग बरोबर घेऊन येतात,
हे माझ्या वहीत कुठे लिहिलेलंच नव्हतं.

दोन तास अठ्ठावन्न.
आयुष्यातली माझी सर्वांत चांगली वेळ.
सहावी.

केळं सोलत कमानीखाली उभी राहिले.
हिशेब केला : पंचेचाळीसची मी
अजून आठ मिनिटं मागे,
भावाच्या सायकलवरून कधीच उतरलेली,
हाफ पँट सावरत धावतेय,
आपण पहिल्या आहोत अशा समजुतीत.
ती येईपर्यंत थांबावं, असं वाटलं क्षणभर.
टॉवेल ओला होता.
लॉर्नानं हाक मारली, जेटीवरून बोट सुटायला आली होती.