साजातली लाख

तबकडीवर कंपनीच्या कारकुनानं लिहिलंय: मिश्र धून.
जॅझ हा शब्द त्याला लिहिता आला नसेल,
किंवा आला असेल, आणि म्हणाला असेल, जाऊ दे.

बँडचं नाव मात्र नीट छापलंय: मुजावर पार्टी, कोल्हापूर.
क्लॅरिनेटवर दस्तगीर.
कॉर्नेटवर कायतान रिबेलो, म्हापशाहून दरबारी बँडात आलेला,
पगार थकला तरी इथंच राहिलेला.
ड्रमवर बळवंत घिसाडी; झांजा त्यानं स्वतः ठोकलेल्या,
एकीला परातीचा काठ तसाच होता.
उरलेल्या दोघांची नावं मला तिघांनी तीन सांगितली.

त्यांची एक धून पापाच्या तिकटीपासून रंकाळवेशीपर्यंत पुरायची.
मिरजेत, गोणपाट ठोकलेल्या खोलीत
साहेबानं तीन बोटं दाखवली: तीन मिनिटं.
म्हणजे घोडं काडेपेटीत बांधायचं.
वरातीची सवय; खुर्चीवर बसवलं
तरी दस्तगीरचा डावा पाय चालतच होता.
मेणाच्या चकतीवर तोही उमटलाय.

पहिली बाजू धावपळीत गेली.
दुसरीच्या मध्यावर सगळे थांबतात
आणि कायतान एकटा निघतो.
खासबागेत मुरलेला पैलवान स्वतः हात घालत नाही,
समोरच्याला येऊ देतो,
तसा त्याचा सूर ठोक्याच्या मागं उभा राहतो.
उभाच राहतो.
तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, हां.

एक्केचाळीस खपल्या.
मग लढाई लागली, लाख महागली,
आणि गुजरीतल्या परशुराम पोतदारांनी
उरलेलं पोतं वजनावर घेतलं.
साजाचे मणी पोकळ असतात, आत लाख भरावी लागते.
पोतदार कुरकुरले म्हणे: दगडाची भुकटी लई हाय हिच्यात.
पण भरली.

माझ्याकडं आहे ती चिरलेली.
दर फेऱ्याला सुई टक करते,
बळवंतनं न वाजवलेला एक ठोका.

पोतदारांचा नातू अजून दुकानात बसतो.
कागल, गडहिंग्लजकडून जुने साज येतात दुरुस्तीला,
तो मणी तापवतो, जुनी लाख काढतो.
कधी लाल निघते. कधी काळी.
काळी निघाली की मी उगाच पुढं वाकतो.
तो चिमटा न थांबवता विचारतो,
काय, वास घेताय व्हय सुराचा?