देवडीची दुसरी चिमणी

वेल्सच्या सीमेजवळ, हेरफर्डच्या रस्त्याला
ही देवडी. आठ कोनांची.
छपराच्या कडेला कोरीव लाकडाची झालर,
खिडक्यांत शंकरपाळ्यांसारख्या काचा,
आणि वर पिळाच्या विटांच्या दोन चिमण्या,
घराला न शोभतील इतक्या उंच.

नकाशा काढणारा लंडनचा.
त्याने हे घर बग्गीतून पाहिलं.
मागची भिंत बग्गीतून दिसत नाही,
म्हणून तिला गिलावासुद्धा नाही.

आठ कोनांत कपाट कुठेच टेकायचं नाही.
केझाया प्रॉथेरोने अठ्ठावीस वर्षं
कपाटामागच्या तिकोनी अंधारात बटाटे ठेवले,
आणि एकदा, उधारीवाला आला तेव्हा,
नवऱ्याला.

रात्री दोनला घंटा झाली की उठायचं.
शालीवर शाल, हातात कंदील,
फाटक ओढायचं, गुडघे किंचित वाकवायचे,
घोड्यांच्या तोंडची वाफ आत जाईपर्यंत
तसंच उभं राहायचं.
धुणं मागे वाळत घालायचं. तसं लिहूनच घेतलेलं.

पूर्वेची खोली गारठलेली. पोरं तिथे झोपायची.
तिने कारभाऱ्याकडे तीनदा निरोप धाडला:
वर चिमणी आहेच,
खाली भिंतीत फक्त शेगडी काढून द्या.
वहीत तिन्ही वेळा एकच शेरा:
गरज नाही.

मोठं घर त्रेपन्न साली पाडलं.
छपराचं शिसं विकलं, जिना कुणी अमेरिकेला नेला.
आता फाटकातून आत गेलं की मेंढ्या.
प्रस्तावना उरली, ग्रंथ गेला.

परवा इद्रिस बेव्हन गवंडी वर चढला.
पूर्वेच्या चिमणीतल्या काटक्या उपसल्या,
ओळंबा सोडला.
हातभर गेला, आणि टक्.
पुन्हा सोडला. टक्.
खालपर्यंत नुसती वीट. धुराला वाटच नाही.
एका बाजूला एक आहे, म्हणून दुसऱ्या बाजूला ही.

बडा घर, पोकळ वासा, म्हणतात.
या लहान घराच्या वाट्याला
पोकळीसुद्धा आली नाही.

इद्रिस तिथेच बसून राहिला, पाय छपरावर सोडून.
मग खाली नेरिसबाईंना ओरडून विचारलं,
"ही परत होती तशीच बांधायची?"

बाई पूर्वेच्या खोलीत होत्या.
ऐकू गेलं असावं.

राखी मानेचा एक कावळा
धूर येणाऱ्या चिमणीवर येऊन बसला होता,
चोचीत काटकी,
इद्रिस उठायची वाट बघत.